कुठल्या कंपनीचा गॅस स्वस्त पडतो? कंपनी बदलायच्या आधी हा हिशोब करा

समोरच्या काकूंनी परवा मला जिन्यातच गाठलं, म्हणाल्या अगं तुमच्या कंपनीची टाकी आमच्यापेक्षा पन्नास रुपयांनी स्वस्त आहे म्हणे, मला पण बदलून घ्यायचीये, काय काय कागद लागतात? मी म्हटलं काकू आधी बिल घेऊन या. दोघींची बिलं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली, कंपन्या वेगळ्या, महिना एकच, आणि रक्कम बघा तर पैशापर्यंत सेम टू सेम. मग पन्नास रुपये कुठले? तर काकूंकडे टाकी आणणारा पोरगा "तिसरा मजला, लिफ्ट नाही" म्हणून दर वेळी वरचे पन्नास घ्यायचा आणि काकू बिचाऱ्या बिलाकडे न बघता नऊशे देऊन मोकळ्या व्हायच्या.

हे एकदा नीट लिहूनच काढावं म्हटलं, कारण कंपनी बदलली की दर कमी होतो असं समजून लोक खरंच डिपॉझिट भरून बसतात. मी ठाण्यात राहते, बहीण पुण्यात, माहेर सातारा जिल्ह्यात, त्यामुळे पाइपचा गॅस, टाकी, इंडक्शन सगळंच घरात वापरून झालंय. खाली जे दर दिलेत ते ज्या त्या वर्षाचे आहेत, तुम्ही वाचाल तोवर बदललेले असतील, तर हिशोबाची पद्धत घ्या आणि त्यात आपल्या बिलावरचे आकडे घाला.

दुकानं तीन, पाटी एकच

इंडेन म्हणजे इंडियन ऑइल, भारतगॅस म्हणजे भारत पेट्रोलियम, एचपी गॅस म्हणजे हिंदुस्तान पेट्रोलियम. तिन्ही सरकारी. १४.२ किलोच्या घरगुती टाकीचा दर एका शहरात या तिघांचा एकच असतो. शहर बदललं की थोडा इकडे तिकडे होतो तो वाहतुकीमुळे, कंपनीमुळे नाही. मंडईत शेजारी शेजारी तीन कांदेवाले बसलेत, पण पाटी तिघांची मिळून एकच आणि तीही लिहिणारा चौथाच कोणीतरी, असा प्रकार आहे.

गेल्या काही वर्षांतले बदल बघा म्हणजे पटेल. ३० ऑगस्ट २०२३ ला दर एकदम २०० रुपयांनी उतरला, मार्च २०२४ मध्ये महिला दिनाला आणखी १०० ने, आणि मग वर्षभर ढिम्म हलला नाही, ८ एप्रिल २०२५ ला ५० रुपये चढला आणि मुंबईत टाकी ८५२.५० ला गेली. प्रत्येक वेळी तिन्ही कंपन्यांचा दर एकाच दिवशी आणि सारख्याच रकमेने बदलला. याला स्पर्धा कोण म्हणेल?

आपल्या देशात लागणाऱ्या एलपीजीतला साधारण ६० टक्के बाहेरून येतो आणि त्याचा भाव सौदीच्या कंपनीच्या महिन्याच्या दरावर चालतो. तो दर चढला तरी घरगुती टाकीचा दर सरकार लगेच चढू देत नाही, कंपन्या तोटा सोसतात आणि नंतर सरकार त्यांना भरपाई देतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये २२,००० कोटी दिले, ऑगस्ट २०२५ मध्ये परत ३०,००० कोटी मंजूर केले. आता मला सांगा, जिथे भरपाई फक्त या तिघांना मिळते तिथे चौथा खाजगीवाला येऊन स्वस्तात कसा विकणार? खाजगी कंपन्यांना १९९३ पासून परवानगी आहे, सुपरगॅस आहे, नागपूरच्या कॉन्फिडन्स पेट्रोलियमचा गो गॅस आहे, पण घरच्या स्वयंपाकात त्या दरावर टिकू शकत नाहीत, त्यांना बाजारभावाने घेऊन बाजारभावानेच विकावं लागतं. म्हणून खाजगी टाकी घेताना दर नाही, सोय बघायची असते. कागदपत्रं कमी, कनेक्शन पटकन, भाड्याच्या घरात वर्षभरासाठी राहणाऱ्याला ते परवडू शकतं, पण किलोचा दर काढून बघितल्याशिवाय घेऊ नका.

गंमत म्हणजे मुंबईत घरगुती गॅसची सुरुवातच खाजगी कंपनीने केली होती, पन्नासच्या दशकात बर्मा शेलने. "बर्शेन" हे नाव जुन्या मुंबईकरांना आठवत असेल. मग सत्तरच्या दशकात एस्सो (ती पण परदेशी तेल कंपनी) गेली, बर्मा शेल गेली, सगळं सरकारी झालं, आणि त्यानंतर आपल्या आईवडलांनी गॅसचा नंबर लागायला वर्षंच्या वर्षं वाट बघितली. तेव्हा दराचं कोण बोलत होतं, टाकी दारात आली हाच सण.

म्हणजे कंपनी बदलून दर मिळत नाही. उलट जातात पैसे. कसे ते सांगते. एका सरकारी कंपनीची टाकी दुसऱ्या कंपनीकडे भरून मिळत नाही, म्हणजे कंपनी बदलायची तर जुनं कनेक्शन सरेंडर करायचं, टाक्या आणि रेग्युलेटर परत द्यायचे, तुमच्या जुन्या व्हाउचरवर जे डिपॉझिट लिहिलंय तेवढंच परत मिळतं, आणि नवीन ठिकाणी आजच्या दराने भरायचं. जून २०२२ पासून एका टाकीचं डिपॉझिट १४५० वरून २२०० झालंय, रेग्युलेटरचे २५० वेगळे. काकूंचं कनेक्शन नव्वदच्या दशकातलं, दोन टाक्या, त्यांना परत मिळणार काही शे रुपये आणि नवीन भरायचे ४६५०. पैसा वाचवायला निघाल्या होत्या त्या!

एजन्सी मात्र जरूर बदला

दर सारखा असला तरी सर्व्हिस सारखी नसते आणि आपले वरचे पैसे तिथेच जातात. म्हणून कंपनी तीच ठेवून फक्त एजन्सी बदलायची. याला पोर्टेबिलिटी म्हणतात, ऑक्टोबर २०१३ मध्ये काही शहरांत सुरू झाली, जानेवारी २०१४ मध्ये ४८० जिल्ह्यांत गेली, तरी अजून निम्म्या लोकांना माहीत नसतं. त्यात डिपॉझिटचा प्रश्न येत नाही, टाकी तीच, रेग्युलेटर तोच. २०२१ मध्ये तर पुण्यासकट पाच शहरांत अशी पण सोय आणली की नंबर लावतानाच कुठल्या एजन्सीकडून टाकी हवी ते निवडायचं.

करायचं काय तर कंपनीच्या ॲपवर किंवा वेबसाइटवर तुमचा १७ आकडी एलपीजी आयडी टाकून लॉगिन करा (आयडी पावतीवर असतो, नाहीतर एजन्सीला विचारा), आत डिस्ट्रिब्युटर बदलायचा ऑप्शन मिळेल, तुमच्या पत्त्याला कोण कोण टाकी देतं त्याची यादी येते आणि नावापुढे स्टार असतात. स्टार कशावरून? नंबर लावल्यापासून टाकी किती दिवसांत पोचते यावरून. आमची आधीची एजन्सी, नाव नाही घेत, दोन स्टारची होती आणि गणपतीत अकरा दिवस टाकी आली नाही, अकरा! घरी पाहुणे, गौरी बसलेल्या, आणि मी शेजारणीकडे मोदकाचा कुकर घेऊन जातेय. शेवटी एकाकडून ब्लॅकने घेतली, किती दिले ते नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही. दुसऱ्याच आठवड्यात बदलली. जुन्या एजन्सीचा फोन आला, ताई कशाला जाताय, काय प्रॉब्लेम झाला सांगा, आम्ही बघतो. अकरा दिवस फोन उचलत नव्हते तेच!

म्हणून सांगते, दोन टाक्यांचं कनेक्शन नसेल तर करून घ्या. डिपॉझिट जातं पण परत मिळणारं असतं, आणि एक ब्लॅकची टाकी घेतली की त्यातला बराचसा पैसा तसाच जातो.

आता टाकी दारात आल्यावर काय बघायचं. पावती मागायचीच, आणि पावतीवर आहे तेवढेच द्यायचे, घरपोच आणून द्यायचा खर्च त्याच दरात धरलेला असतो, मजल्याचे वेगळे पैसे हा प्रकार नाही. तुम्हाला त्या पोराला खुशीने दहा-वीस द्यायचे असतील तर द्या, मीही देते, उन्हात टाकी खांद्यावर घेऊन चढतो तो, पण ती आपली खुशी, त्याचा दर नाही. स्वतः गोडाऊनवर जाऊन टाकी आणली तर उलट डिलिव्हरीचे पैसे बिलातून कमी करून मिळतात, हे कोणी आपणहून सांगत नाही, मागावं लागतं. माझा मामा गावाकडे टेंपोतून जाता येता टाकी आणतो, पाच-सहा वर्षं पूर्ण दर भरत होता.

वजन करून मागा. पोराकडे काटा असायला हवा असा नियमच आहे. टाकीच्या वरच्या कड्याजवळ रिकाम्या टाकीचं वजन लिहिलेलं असतं, समजा १५.९ किलो, तर भरलेली ३०.१ च्या आसपास भरली पाहिजे. एक किलो कमी आला तर तुमची टाकी साठ रुपयांनी महाग झाली, एप्रिल २०२५ च्या दरवाढीपेक्षा जास्त! कड्यावरच ए, बी, सी, डी आणि वर्ष लिहिलेलं असतं, ती तपासणीची तारीख, ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. तारीख उलटून गेली असेल तर परत पाठवा. ओटीपी टाकी हातात आल्यावरच द्या. आणि "कंपनीतून तपासणीला आलोय, नळी बदलावी लागेल" म्हणून कोणी आलं तर आयकार्ड बघून आधी एजन्सीला फोन लावा, यातले बरेचसे नुसते नळी विकणारे असतात. गॅसचा वास आला तर १९०६, हा नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा.

खरी टक्कर टाकी आणि पाइपची

टाकीवाल्यांची आपसात स्पर्धा नाही, पण टाकी आणि पाइप यांच्यात आहे, आणि ती आपल्या बिलात दिसते. पाइपवाले आपसात भांडत नाहीत कारण एका भागात एकच कंपनी असते. मुंबई-ठाण्यात महानगर गॅस, पुणे-पिंपरी चिंचवडला महाराष्ट्र नॅचरल गॅस (एमएनजीएल), कोल्हापुरात एचपीऑइल गॅस, असं भाग वाटून दिलेलं आहे. वाटप करतं ते पीएनजीआरबी नावाचं नियामक मंडळ, त्याचा कायदा २००६ चा. कंपन्या बोली लावून एक भाग घेतात, काही वर्षं तिथे दुसऱ्या कोणाला गॅस विकता येत नाही, मुदत संपली की त्याच पाइपमधून दुसऱ्यानेही भाडं देऊन विकावा अशी कल्पना आहे. कल्पना छान आहे हो, पण मुंबईत ती मुदत संपून किती वर्षं झाली, माझ्या स्वयंपाकघरात अजून दुसरा कोणी पाइपवाला आलेला नाही.

बोलीच्या वेळी मात्र स्पर्धा तुफान असते. काही शहरांसाठी कंपन्यांनी पाइपचं भाडं १ पैसा असं लिहून भाग जिंकलेत. मग आपल्याला गॅस फुकट का नाही? कारण बोली पाइपच्या भाड्याची होती, शेवटचा विक्रीदर कंपनी ठरवते, आणि तो ठरवायचा अधिकार मंडळाला नाही असा सुप्रीम कोर्टाचा २०१५ चा निकाल आहे. बोली लावताना झालेल्या मारामारीचा फायदा ग्राहकापर्यंत यायला मध्ये वाटच नाही.

मग पाइपचा दर हलतो कशाने? एक म्हणजे सरकार घरगुती वापरासाठी स्वस्त देशी गॅस कितीला देतं त्याने, आणि दुसरं टॅक्सने. मुंबईचं उदाहरण घ्या. १ एप्रिल २०२२ पासून राज्याने नैसर्गिक वायूवरचा व्हॅट १३.५ वरून ३ टक्के केला आणि पाइपचा गॅस साडेतीन रुपयांनी उतरून युनिटला, म्हणजे घनमीटरला, ३६ झाला. लोक खुश. पण त्याच वर्षी देशी गॅसचा सरकारी दर (एमएमबीटीयू या उष्णतेच्या मापामागे) २.९० डॉलरवरून आधी ६.१० आणि मग ऑक्टोबरात ८.५७ वर गेला, आणि वर्ष संपायच्या आत युनिट ५४ ला पोचलं. एप्रिल २०२३ मध्ये सूत्र बदललं, कच्च्या तेलाच्या १० टक्के पण वर ६.५ डॉलरची मर्यादा, तेव्हा ४९, ऑक्टोबर २०२३ मध्ये ४७, २०२४ च्या पावसाळ्यात ४८ आणि एप्रिल २०२५ मध्ये परत ४९. या अख्ख्या चढउतारात दुसरा पाइपवाला आला किंवा गेला असं काहीच झालेलं नाही.

आता तुलना कशी करायची. पाइपच्या बिलात जे एससीएम लिहितात ते युनिट, म्हणजे एक घनमीटर गॅस. १४.२ किलोच्या टाकीत जेवढी उष्णता असते तेवढ्यासाठी पाइपचे साधारण १७ ते १८ युनिट लागतात. मी १७.५ धरते. तर टाकीच्या दराला १७.५ ने भागा, जो आकडा येईल त्यापेक्षा पाइपचं युनिट स्वस्त असेल तर पाइप परवडला.

एप्रिल २०२५ चे मुंबईचे आकडे घाला, ८५२.५० भागिले १७.५ म्हणजे ४८ रुपये ७० पैसे. पाइप ४९. म्हणजे बरोबरी! आता मागे जा. मार्च २०२३ मध्ये टाकी ११०२.५० ला होती, भागिले १७.५ म्हणजे ६३, आणि पाइप ५४, तेव्हा पाइपवाले मजेत होते. ऑगस्ट २०२३ आणि मार्च २०२४ मध्ये सरकारने टाकी मिळून तीनशेने उतरवली, ८०२.५० झाली, म्हणजे युनिटला जवळपास सेहेचाळीस, आणि पाइप ४७ ला. पाइप महाग पडायला लागला! आमच्या सोसायटीत पाइप घ्या, निम्म्यात पडतो, अशी जाहिरात करणारे अजून तेच आकडे सांगत फिरतात. या आकड्यांत निम्म्यात कुठेच नव्हता, आणि एप्रिल २०२५ ला तर जेमतेम बरोबरी होती.

उज्ज्वलावाल्यांनी तर हा हिशोब नीट करावा. २०२५ मध्ये त्यांना टाकीमागे ३०० रुपये परत मिळत होते, शिवाय राज्याची मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना आहे, २०२४ ची, वर्षाला तीन टाक्या मोफत, पण कनेक्शन बाईच्या नावावर पाहिजे. आमच्या कामवाल्या मावशींचं कनेक्शन नवऱ्याच्या नावावर होतं म्हणून अडलं होतं, नाव बदलून घेतलं तेव्हा जमलं. अशा घरात पाइपचा विचारच करू नका, टाकी कितीतरी स्वस्त पडते. आणि टाकी चालू ठेवायची तर ई-केवायसी करून टाका, राहिलं की ऐन वेळी सबसिडी अडकते.

बाकीच्यांसाठी पाइपच्या बाजूने दर सोडून बरंच काही आहे. नंबर लावायचा नाही, पोराची वाट बघायची नाही, जेवढा जाळला तेवढ्याचंच बिल, टाकीच्या तळाला शेवटी थोडा राहतोच तो नुकसानीत जात नाही. आणि वजनाचा खेळ नाही. डिपॉझिट पाच-सहा हजारांपर्यंत जातं, पण परत मिळणारं आहे, आणि टाकीचं कनेक्शन सरेंडर करून तिकडचं डिपॉझिट सोडवून घ्यायला विसरू नका, लोक रिकाम्या टाक्या माळ्यावर टाकतात आणि व्हाउचर हरवतात.

एक गोष्ट मात्र पाइप घेताना कोणी सांगत नाही आणि मला दोन वर्षांनी कळली. पाइपवाले येतात आणि तुमच्या जुन्याच शेगडीचे जेट (गॅस येतो ते बारीक भोकाचे तुकडे) बदलून पाइपवर जोडून देतात. चालते ती, पण एलपीजीसाठी बनवलेली शेगडी पाइपच्या गॅसवर लावली की उष्णता वाया फार जाते, तिची कार्यक्षमता ४० टक्क्यांच्या आसपास येते, आणि पाइपच्या गॅससाठीच बनवलेली शेगडी ५५ टक्क्यांपर्यंत जाते. पीसीआरए या सरकारी संस्थेनेच अशा शेगड्यांचा प्रसार २०२१ मध्ये सुरू केला, गॅस पाव हिस्सा वाचतो असा त्यांचा हिशोब. म्हणजे वर आपण बरोबरी काढली ना, ती जुन्या शेगडीवर बरोबरी राहतच नाही, पाइप महाग पडतो! मी शेगडी बदलली आणि दोन महिन्यांचं बिल खरंच खाली आलं, स्वयंपाक तोच, माणसं तीच. दुकानात विचारताना "पीएनजीची शेगडी" (पीएनजी म्हणजे पाइपचा गॅस) असंच विचारा आणि स्टारचं लेबल बघा, नाहीतर जेट बदललेलीच गळ्यात मारतात.

बिल अंदाजाने आलेलं असेल तर मीटरचा फोटो काढून रीडिंग स्वतः पाठवा. घर बंद असलं की अंदाजाचं बिल येतं आणि पुढच्या वेळी एकदम मोठा आकडा दिसतो.

विजेवर स्वयंपाक

हा तिसरा भिडू. इंडक्शनवर एका टाकीचं काम व्हायला साधारण १३० ते १४० युनिट वीज लागते. टाकीचा दर भागिले १३५, म्हणजे ८५२.५० ला सव्वासहा रुपये. तुमचं विजेचं युनिट याच्या खाली असेल तर इंडक्शन स्वस्त. पण सरासरी काढू नका, इथेच लोक फसतात. महावितरणचे स्लॅब असतात, पहिल्या १०० युनिटला कमी आणि त्याच्या पुढे जवळपास दुप्पट, आणि इंडक्शनची युनिटं ही तुमच्या आधीच्या वापराच्या वर चढतात, म्हणजे ती सगळ्यात महागड्या स्लॅबची. घरात फ्रिज, पंखे, टीव्ही मिळून १८० युनिट जात असतील तर इंडक्शनचं प्रत्येक युनिट दहा रुपयांच्या वरचं पडतं. माझ्या बहिणीने उत्साहाने सगळा स्वयंपाक इंडक्शनवर आणला, महिन्याने बिल बघून परत शेगडीवर आली. एकटं राहणारा विद्यार्थी, महिन्याला ४०-५० युनिट वापरणारा, त्याला मात्र इंडक्शन सोपं आणि कदाचित स्वस्तही पडेल, आणि छतावर सोलर असून दिवसा वीज शिल्लक राहत असेल तर दुपारचा स्वयंपाक डोळे मिटून त्यावर करा.

घरातल्या इंधनात खरीखुरी निवड कुठे मिळते तर मुंबई उपनगरात, विजेत! तिथे २००९ पासून टाटा आणि तेव्हाची रिलायन्स, आता अदानी, यांच्यात ग्राहकाला पुरवठादार बदलता येतो. तेव्हा टाटाचा दर कमी म्हणून लोक ढिगाने तिकडे गेले. पण वायर जुन्या कंपनीची, मग तिच्या वापराचा आकार लागला, वर आणखी एक अधिभार लागला आणि फरक आटत गेला. म्हणून तिथे बदलताना जाहिरातीतला युनिटचा दर बघू नका, सगळे आकार धरून तुमच्या स्लॅबचं एकूण बिल दोन्हीकडे काढा.

डबे आणि खानावळवाल्यांसाठी

इथे सगळं उलटं आहे आणि मला हेच सगळ्यात मजेशीर वाटतं. १९ किलोच्या कमर्शियल टाकीचा दर सरकार दाबून धरत नाही, बहुतेक दर महिन्याच्या एक तारखेला बदलतो, जीएसटी ५ नाही १८ टक्के, आणि इथे खाजगी कंपन्या पण बरोबरीने उतरतात. म्हणून इथे डिस्काउंट मिळतो! छापील दर एक आणि गिऱ्हाइकाला दिलेला दर दुसरा. नोव्हेंबर २०२२ मध्ये सरकारी कंपन्यांनी मिळून हे डिस्काउंट बंद केले होते तेव्हा हॉटेलवाल्यांची टाकी एकदम दोनशे-तीनशेने महाग झाली, छापील दर न वाढता. त्यावरून कळतं आधी किती सुटत होतं.

तर महिन्याला चार-पाच टाक्या लागत असतील तर एकाच एजन्सीला धरून बसू नका. तिन्ही सरकारी कंपन्यांच्या एजन्सीला आणि एखाद्या खाजगीला फोन करा, महिन्याचा खप सांगा आणि "पोचवून, टॅक्स धरून किती" असंच विचारा. खाजगी टाकी १७ किंवा २१ किलोची पण असते, म्हणून टाकीचा दर नाही, किलोचा दर काढायचा. दोघांचे कोट आले की पहिल्याला परत फोन. आमच्या ओळखीतल्या एक ताई पोळीभाजीचे डबे देतात, त्या असंच करतात, त्यांना एकदा टाकीमागे दीडशे सुटले. उधारी मात्र मागू नका, उधारी मागितली की डिस्काउंट पहिला जातो. महिनाअखेरीला दर उतरणार की चढणार याचा अंदाज असेल तर टाकी दोन दिवस मागेपुढे करायला हरकत नाही, घरगुती टाकीसाठी तसं थांबण्यात अर्थ नाही, ती बरेचदा महिनोनमहिने एकाच दरावर असते. आणि धंद्याला घरची लाल टाकी वापरू नका, तो गुन्हा आहे, पकडली तर टाकीही जाते आणि केसही होते.

पाच किलोची छोटी टाकी, जी पत्त्याचा पुरावा न देता मिळते, ती किलोमागे घरगुतीपेक्षा बरीच महाग असते, पुण्यात शिकायला गेलेल्या पोरांना पहिले दोन महिने ठीक आहे. पत्त्याचा पुरावा असेल तर घरगुती दराची पाच किलोची वेगळी मिळते, ती मागा, दिसायला सारखीच असते म्हणून पावतीवर कुठली लिहिलीये ते बघा. आणि चौकातल्या दुकानात बिनकंपनीच्या टाकीत गॅस भरून देतात ते घेऊच नका, किलोला महाग तर असतोच आणि ती टाकी कधी कोणी तपासलेली नसते.

काकूंनी शेवटी कंपनी बदलली नाही, एजन्सी बदलली, चार स्टारची बघून. पहिलीच टाकी आली तेव्हा पोराने काटा आणला नव्हता, काकूंनी त्याला दारातूनच परत पाठवला, आणि संध्याकाळी तो काटा घेऊन आला.